शब्दकोड्यातले मासे आणि कोंबड्या : सहा ठिकाणी अडलेय, मदत करा

भीमाकाठची (मंगळवार, संध्याकाळी ७:४०)

नमस्कार मंडळी,

रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं मंगळवार मावळायला आला तरी पुरं होत नाही, म्हणून शेवटी इथे आलेय. माझं एसटी स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. कोडं पॅडला चिमट्यात अडकवून काउंटरवर ठेवते आणि सातबारा, आधार, शाळा सोडल्याचे दाखले काढता काढता एकेक घर भरते. एरवी सोमवारी दुपारपर्यंत संपतं. या वेळी कोडं रचणाऱ्याला बहुतेक भूक लागली होती, दर चार शब्दांआड मासा नाहीतर कोंबडी.

कोंबड्यांचं मला काही वाटत नाही. ‘अंडी द्यायची थांबून बसलेली (३)’ हे पेन टेकायच्या आधीच आलं : खुडूक. आमच्या सासूबाई खुडूक कोंबडीला आधी पाण्याच्या बादलीत बुचकळून काढायच्या. तरी ऐकलं नाही तर तिचंच एक पीस तिच्या नाकपुड्यांतून आरपार घालायच्या. मग ती दोन दिवस ते पीस काढायच्या नादात अंगणभर फिरायची आणि बसायचं विसरून जायची. पुण्यातल्या जावेला गंमत म्हणून हाच शब्द फोनवर विचारला, तर म्हणाली, “खडूस असेल.” घरं तीनच भरतात, नाही म्हणत नाही.

‘कलगीचा प्रतिस्पर्धी कोंबड्याच्या डोक्यावर (२)’ हेही सुटलं, तुरा. हे मला फार आवडलं. आमच्या गावच्या जत्रेत कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब मी लहानपणी रात्रभर जागून ऐकलेत.

आता अडलेलं सांगते.

७ आडवा : एक मासा (३). मधलं अक्षर ल आहे, ते ‘लगाम’मुळे आलंय आणि पक्कं आहे.

४ उभा : कोंबडा (४). पहिलं ता, शेवटचं ड. मधली दोन्ही घरं कोरडी, त्यांना कुठलाच आडवा शब्द छेदत नाही. मी ‘तांबडा’ ओढूनताणून बसवून पाहिला. बसत नाही.

१५ आडवा : मासा (३). मधलं ड. पुतण्याने मोबाइलवर बघून ‘पेडवा’ सांगितलं, ते लिहिलं. पण त्यातल्या वा-पासून १६ उभा सुरू होतो, ‘आई (३)’. वा-पासून सुरू होणारी आई मला तरी माहीत नाही.

२१ आडवा : बारा मासे मिळून एक (२). दुसरं अक्षर ळा. पुतण्या इंग्रजी शाळेत जातो. तो म्हणाला, ‘शाळा’. इंग्रजीत माशांच्या थव्याला शाळाच म्हणतात म्हणे. हसून हसून पुरेवाट झाली. पण मग बरोबर उत्तर काय?

९ आडवा : सिंधुदुर्गात वाहते, ताटातही येते (२). शून्य अक्षरं हाताशी आहेत.

आणि एक, याचा माशांशी संबंध नाही, पण त्याच कोपऱ्यात अडलंय. २३ उभा : एक तालवाद्य (३). पहिलं म, शेवटचं ग. म-काहीतरी-ग असं वाद्य असतं का? यातलं म पक्कं आहे, कारण २३ आडवा ‘गोड्या पाण्यातला मासा (३)’ हा ‘मरळ’ मी पेनाने लिहिलाय. पेन मी खात्री असेल तेव्हाच लावते.

थोडी तक्रारही करते. आमच्याकडे उजनीचं पाणी दाराशी आणि भिगवणचा बाजार अर्ध्या तासावर. चिलापी, मरळ, वाम, कटला, रोहू, नावं विचाराल तर टोपल्यांच्या रांगेतून चालल्यासारखी सांगेन. पण कोडं रचणाऱ्या साहेबांना मासा म्हटलं की समुद्रच दिसतो. सोलापूर-नगरकडची माणसं कोडी सोडवत नाहीत का? गेल्या महिन्यात ‘मांदेली’ आली होती. मी तिला बाईचं नाव समजत होते.

---

कट्ट्यावरचा (७:५५)

ताई, एवढं लिहिण्यापेक्षा मोबाइलमध्ये टाकायचं. लगेच उत्तर येतं.

---

भीमाकाठची (८:०२)

दादा, मोबाइलमध्ये टाकूनच पेडवा आलाय. त्याच पेडव्याने माझी आई अडवून धरलीये.

---

खाडीपार (८:३०)

ताई, ७ आडवा हलवा. माझ्या पैजेवर लिहा.

आता तुम्ही म्हणाल, हलवा हा मासा कसा? गाजराचा असतो, संक्रांतीला तिळाचा असतो. पण मासळी बाजारात ‘हलवा आहे काय?’ विचारलं तर कोळीण काळसर, रुंद, चपटा मासा उचलून दाखवेल. बरेच लोक त्याला काळं पापलेट म्हणून विकतात. दिसायला तसा, पण पापलेटच्या कुळातला नाही. कालवणाला मात्र फक्कड, तुकडी फुटत नाही.

९ आडवा माझ्या घरचाच आहे : कर्ली. कर्ली नदी कुडाळवरून येते आणि देवबागजवळ समुद्राला मिळते. तारकर्लीच्या नावातही तीच. आणि करली हा मासा, लांबट, रुपेरी आणि काटे म्हणजे इतके की पाहुण्याला वाढायची सोय नाही. आमची आजी तिरका सुरा घालून बारीक बारीक चिरे पाडायची. काटे मोडतात, मग तळल्यावर टोचत नाहीत. एक भांडण मात्र राहतं. माशाला आमच्याकडे ‘करली’ म्हणतात, ती तीन घरं झाली. नदी ‘कर्ली’, ती दोन. रचणाऱ्याने दोघांना एकाच पिशवीत घातलंय. मी संपादक असतो तर परत पाठवलं असतं.

आणि तुमच्या तक्रारीवर. समुद्राकाठचे सुखात आहेत असं समजू नका. एका मैलावर नाव बदलतं. मुंबईत सुरमई (४), आमच्याकडे इसवण (४). बरं, घरं सारखी आहेत म्हणून तुम्ही खुशाल चुकीचं लिहून मोकळे. अलिबाग-पेणचा जिताडा (३) गोव्यात गेला की चोणक (३). मासा तोच, घरं तितकीच, अक्षरं सगळी निराळी. लहान शार्कला कुणी मुशी (२) म्हणेल, कुणी मोरी (२). मी गिरगावात नवीन होतो तेव्हा खानावळवाल्याने ‘आज मोरी मसाला आहे’ म्हटलं आणि मला नहाणीघर आठवलं. २०२३ साली राज्याने पापलेटला राज्यमासा केलं तेव्हा तरी एक नाव पक्कं होईल वाटलं होतं, तर तिथेही पापलेट की सरंगा यावर आमच्या वाडीत दोन रात्री गेल्या.

म्हणजे ‘एक मासा (३)’ असं आलं की मी पहिला प्रश्न विचारतो, कोडं कुठल्या आवृत्तीतलं? मुंबईचं असेल तर रावस, हलवा, बोंबील. रत्नागिरीच्या खाली उतरलं की सौंदाळा, तांबोशी असले पाहुणे येतात.

---

परसातली (८:४६)

खाडीपार, बोंबील बरोबर, पण कोळंबीला ‘एक मासा’ म्हणून देणाऱ्यांचं काय करायचं? कोळंबीला कल्ला असला तरी ना काटा ना खवले. गेल्या दिवाळी अंकात होतं.

---

खाडीपार (८:५१)

आमच्या घरी मासे आणायला सांगितले आणि कोळंबी आणली तर कुणी परत पाठवत नाही. शास्त्रात नसेल मासा, बाजाराच्या पिशवीत आहे.

---

निवृत्त बाई (९:१५)

भीमाकाठची ताई, ४ उभा आणि १५ आडवा माझ्याकडे सोपवा. बत्तीस वर्षं संस्कृत शिकवलं, त्याचा उपयोग आता फक्त शब्दकोड्यांत होतो.

कोंबडा : ताम्रचूड. ता-म्र-चू-ड, चार घरं. ताम्र म्हणजे तांबं, चूडा म्हणजे शेंडी. तांबूस तुऱ्याचा. म्हणजे तुमचा ‘तांबडा’ अगदी वाया गेला नव्हता, योग्य गल्लीत शिरून चुकीच्या घराची कडी वाजवलीत एवढंच. अमरकोशात सिंहादिवर्गात अख्खी ओळ आहे : कृकवाकुस्ताम्रचूडः कुक्कुटश्चरणायुधः. चारही कोंबडेच. पाच घरांचा कोंबडा मागितला तर चरणायुध, पायच ज्याचं शस्त्र तो. झुंजीचा कोंबडा पाहिलेल्या माणसानेच हा शब्द केला असणार. चार घरं आणि सुरुवात कृ असेल तर कृकवाकु, पण तो वापरणारा कोडेकार मला अजून भेटायचाय. भेटला तर नमस्कार करीन.

१५ आडवा आधी स्वतः ताडून बघा. ‘आई (३)’ म्हणजे काय काय होतं? माऊली, जननी. शेवटचं घर मा धरलं तर मासा ‘-ड-मा’ होतो, असला मासा नाही. ज धरलं तर ‘-ड-ज’. आता सुचलं का?

अंडज. अंड्यातून जन्मलेला. वारिवर्गात माशांची नावं आहेत : पृथुरोमा झषो मत्स्यो मीनो वैसारिणोऽण्डजः. गंमत अशी की त्याच अमरकोशात पक्ष्यांच्या नावांतही अंडज येतोच. म्हणजे या एका शब्दात तुमचा मासाही आला आणि कोंबडीही. विद्यार्थ्यांना मी हा शब्द द्विजाबरोबर शिकवायची. द्विज म्हणजे पक्षी, ब्राह्मण आणि दात. तिघेही दोनदा जन्मतात. एकदा एका मुलाने पेपरात लिहिलं, “ब्राह्मण अंड्यातून येतो.” अर्धा गुण दिला होता, विचार केल्याबद्दल.

---

भीमाकाठची (९:३२)

बाई, दंडवत! जननी बसली. पेडवा खोडरबराने घासला, आता तिथे कागद इतका पातळ झालाय की मागची भविष्यवाणी दिसते. ताम्रचूडही लिहिला. पुतण्याला म्हटलं, बघ, तुझ्या मोबाइलला पेडवा ठाऊक आणि बाईंना अंडज.

हलवा आणि कर्लीही लिहिले. खाडीपार दादा, तुमच्या आजीसारखे चिरे आमच्याकडेही पाडतात, चिलापीला. पण ते काट्यासाठी नाही, मीठ-मसाला आत शिरावा म्हणून.

राहिले बारा मासे आणि ते वाद्य.

---

काळीपांढरी घरं (१०:०५)

ताई, मी कोडी रचतो. तुमच्या पुरवणीतली नाहीत, एका जिल्हा दैनिकासाठी, आठवड्याला एक. तरी शिव्या आमच्या सगळ्या जातीला आहेत म्हणून उत्तर देतो.

आधी एक किल्ली. शोधसूचनेत ‘एक मासा’ असेल तर प्रकार हवा असतो : रावस, बांगडा, कटला. नुसतं ‘मासा’ असेल तर प्रतिशब्द हवा : मीन, मत्स्य, झष, अंडज. ‘कोंबडा’च्या आधी ‘एक’ नव्हतं, म्हणून कुक्कुट किंवा ताम्रचूड. ‘एक कोंबडा’ असतं तर असील म्हणायचं होतं. हा नियम कुठे छापलेला नाही, पण नीट रचणारा माणूस तो पाळतो. तुमच्या १५ आडव्यात पेडवा तिथेच बाद व्हायला हवा होता.

‘मासे’ असं अनेकवचन आणि आधी आकडा, असं दिसलं की पाण्याबाहेर या. तुमचे बारा मासे सोनाराच्या तराजूत आहेत. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. उत्तर : तोळा. आपण ‘तोळामासा तब्येत’ म्हणतो तो हाच मासा. शाळेचं उत्तर मात्र मी वहीत लिहून ठेवलंय.

आता समुद्रच का, याबद्दल. मी मूळचा वाशीमचा, कोकणाशी माझा काडीचा संबंध नाही. तरी माझ्या कोड्यांत रावस दर महिन्याला पोहत येतो. कारण चवीचं नाही, घरांचं आहे. मराठीत काना-मात्रेसकट अख्खं अक्षर एका घरात बसतं, त्यामुळे आडव्या आणि उभ्या शब्दांत ते तंतोतंत जुळावं लागतं. इंग्रजीवाल्यांना ही कटकट नाही, त्यांचा एक सुटा वर्ण कुठेही खपतो. आमच्याकडे आडव्यात दी आणि उभ्यात दि आली की चौकट मोडली. अशा वेळी रा-व-स म्हणजे देवाची कृपा. रा-वरून शेकड्यांनी शब्द, व-वरून शेकड्यांनी, स-वरून त्याहून जास्त. हलवा, मरळ, वाम, कटला हे असेच सोपे. बोंबील घ्यायला जावं तर बों अडतो. बोंब मारणाऱ्यांशिवाय बों-ला कोण छेद देणार?

सर्वांत वाईट मत्स्य. त्स्य हे घर आलं की त्याला छेदायला शब्द आणायचा कुठून? वात्स्यायन आणावा तर तिथे त्स्या होतो. मला पहिला सुचतो तो मात्स्यन्याय, म्हणजे माशाला मासाच आडवा. म्हणून ते घर आम्ही कोरडं ठेवतो, वरून-खालून काळं. तुमच्या ताम्रचूडमधली मधली दोन घरं कोरडी होती ना? म्र आणि चू. रचणाऱ्याने तुम्हाला छळायला नाही ठेवलेली ती, त्याचीच तिथे गाडी अडली होती. कोरडी घरं जिथे दिसतील तिथे जोडाक्षर असेल, असा संशय घेत चला. दहातल्या सहा-सात वेळा माझा तरी बरोबर येतो.

आणि आता वाईट बातमी. तुमचा मरळ चुकलाय.

---

भीमाकाठची (१०:११)

मरळ चुकणं शक्य नाही. उजनीच्या काठावर सगळं आयुष्य गेलं. मरळ गोड्या पाण्यातलाच मासा आहे. बाजारातून आणला की घरी पोचेपर्यंत पिशवीत उड्या मारतो, एकदा रिक्षातून खाली पडला होता.

---

काळीपांढरी घरं (१०:१९)

मासा बरोबर आहे, जागा चुकली. २३ आडवा आणि २३ उभा एकाच घरातून सुरू होतात. तुमचं तालवाद्य म-ने सुरू होत नाहीये. मृ-ने होतंय.

---

भीमाकाठची (१०:२४)

अगं बाई. मृदंग.

मग आडवा मृ-ळ. मृगळ!

पेनाने लिहिलं होतं हो मी.

---

खाडीपार (१०:२६)

😀 ताई, आता कोकणवाल्यांना कोण बोलणार?

---

दाणापाणी (बुधवार, सकाळी ६:५०)

रात्री धागा वाचला नाही, पहाटे कोंबड्यांना दाणे टाकून आलो आणि वाचला. पशुसंवर्धनात पर्यवेक्षक होतो, आता घरच्या परसात चाळीसेक पक्षी आहेत.

ताई, सासूबाईंचं पीस आम्हीही गावोगाव पाहिलं. आम्ही ट्रेनिंगमध्ये सांगायचो की पक्ष्याला त्रास देऊ नका, जाळीच्या तळाच्या, हवेशीर पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, पोटाला खालून गार हवा लागली की खुडूकपणा जातो. बायका मान डोलवायच्या आणि घरी जाऊन पीसच घालायच्या. आणि पिल्लं हवी असतील तर खुडूक कोंबडीसारखं यंत्र नाही. एकवीस दिवस, ना वीज ना बिल. पोल्ट्रीतल्या अंड्यांच्या जातींतून हा गुण निवडून निवडून काढून टाकलाय. त्या बसतच नाहीत. त्यामुळे पुढच्या पिढीला ‘खुडूक’ कोड्यातच भेटेल.

काळीपांढरी साहेब, तुम्हाला दोन शब्द देतो, वापरा. एक ‘तलंग’. वयात येऊ घातलेली, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. तीन घरं, एकही जोडाक्षर नाही. सरकारी योजनेच्या कागदांवर हा शब्द होता : तलंगांचा गट वाटप, २५ माद्या आणि ३ नर. शहरातून बदलून आलेल्या एका साहेबांनी तो ‘तरंग’ वाचला होता आणि बैठकीत विचारलं की तळी किती आहेत.

दुसरा ‘गिरिराज’. बंगळूरच्या पशुवैद्यकांनी तयार केलेला परसातला पक्षी, अंगाने दणदणीत. सूचना अशी द्या : हिमालय परसात दाणे टिपतो (४).

---

काळीपांढरी घरं (सकाळी ९:३०)

दाणापाणी साहेब, दोन्ही उचलले. गिरिराजमधल्या गि आणि रि दोन्ही ऱ्हस्व, त्या सांभाळाव्या लागतील. तलंगमधला लं जरा जड आहे, पण ‘लंगडी’ आहे, ‘लंका’ आहे, जमेल.

तुमच्याच तोडीची एक माझी, जुनी : मासे धरतो, माश्याही धरतो (२).

---

निवृत्त बाई (९:४१)

कोळी! वा. जाळं दोघांचंही. हे इतर कुठल्या भाषेत जमायचं नाही.

मीही एक टाकते. शाळेत ‘अ’, ताटात तळलेली (३). शिक्षकांनी उत्तर देऊ नये.

---

परसातली (९:५८)

तुकडी. माझी मुलगी ‘क’ तुकडीत आहे, तिला सांगितलं तर म्हणाली, आमची भाजलेली.

एक माझीही, काल कल्ल्यावरून सुचली. माशाला श्वासासाठी, पोरांना सुट्टीत (२). उत्तर मीच फोडलंय, जाऊ दे.

---

भीमाकाठची (दुपारी १:१५)

मंडळी, कोडं पुरं झालं. मृगळसाठी मरळवर पेनानेच गिरवलं. म-ला खालून ऋकार जोडला, तो जमला. मधल्या र-चा ग करताना मात्र डाग पडला. ळ तेवढा जागेवर राहिला, नशीब.

सकाळी दुकानात मासेवाल्या वहिनी आल्या होत्या, बचत गटाच्या कागदांच्या झेरॉक्सला. त्यांना विचारलं, मृगळ येतो का हो तुमच्याकडे? म्हणाल्या, “असला मासा नाही बाई आपल्यात.” मी मोबाइलवर फोटो दाखवला. “हा व्हय! हा तर मिरगल. रविवारी तुमी न्हेला की दीड किलो.”

म्हणजे रविवारी दुपारी मी मिरगलचं कालवण खाऊन, हात धुऊन, त्याच हाताने ‘गोड्या पाण्यातला मासा’समोर मरळ लिहिला होता.

वहिनींना मग दाणापाणी काकांचा तलंग विचारला. “तलंग म्हंजी तलंगी,” म्हणाल्या, “ह्यात इचारायचं काय?” सहा पानांचे बारा रुपये झाले होते, दहाच घेतले.

काळीपांढरी सर, एक सूचना मीही केलीये, बघा चालते का. वहिनींची मिरगल, साहेबांचा (३).